धूळ कोणाची आणि दम कोणाचा ?

(वरंध येथें शेतकरी, कारागीर व कारखान्यांत जाणाऱ्या मजूर मंडळींपुढें झालेलें भाषण)



आज मी आपणांपुढें इलेक्शनाचें बोलण्यास उभा राहिलों नाहीं, कीं देवाधर्माचें सांगण्यासहि नाहीं. आज बोलावयाचें तें छातींतल्या दमाविषयीं. शेत गहाण पडलें तर तें कोणाकडे पडलें, हें घरांतलें पोरहि सांगतें. गळ्यांतला दागिना गेला तर तो कोणत्या पेढीवर गेला, हें ठाऊक असतें. पण घरच्या कर्त्या माणसाचा दम गेला, तर तो कोठें गेला, कशापायीं गेला, हें आपण विचारीत नाहीं. "छातीचा विकार आहे," असें म्हणतों आणि गप्प बसतों. आज तो हिशेब मांडावयाचा आहे.

वरंधची आणि भोंवतालच्या वाड्यांची स्थिति आपणांस माझ्याहून जास्त ठाऊक. भात, नाचणी, वरी. पावसाळ्यांतलें एक पीक. पुढें पोटासाठीं बाहेर पाहावयाचें. आपले आजे-पणजे मुंबईस गेले आणि परळ-लालबागच्या गिरण्यांत राबले. 1982 च्या जानेवारींत मोठा संप सुरू झाला, आणि त्यानंतर त्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. आतां तरणीं मुलें बिरवाडीच्या वाटेनें महाडच्या औद्योगिक वसाहतींत जातात. तेथें रंग होतात, औषधें होतात, नाना तऱ्हेचीं रसायनें होतात. त्या वसाहतीनें पुष्कळ घरांची चूल पेटती ठेविली, हें मी नाकारीत नाहीं. पण चूल पेटविणारा माणूसच चुलीपाशीं धापा टाकीत बसला, तर त्या पगाराचें करावयाचें काय ?

कारखान्यांत स्फोट झाला तर त्याची बातमी होते. 3 नोव्हेंबर 2023 रोजीं महाडच्या वसाहतींतील एका औषधाच्या कारखान्यांत स्फोट होऊन आग लागली, कामगार प्राणांस मुकले, आणि साऱ्या महाराष्ट्रानें तें वाचलें. धूळ मात्र आवाज करीत नाहीं. ती माणसाला एका दिवसांत मारीत नाहीं; आज जिना चढवत नाहीं, उद्यां नांगर धरवत नाहीं, परवां रात्रीं निजवत नाहीं, असें करीत करीत ती त्याला घरीं बसविते. म्हणून तिची बातमी होत नाहीं.

हा रोग कसा येतो तें ऐका. एक धडधाकट गडी कामाला लागतो. त्याला काम मिळतें पोतीं फोडून पावडर यंत्रांत ओतण्याचें, किंवा ड्रायरमधून वाळलेला माल काढण्याचें, चाळण्याचें, तोलून भरण्याचें. पहिले कांहीं महिने, कधीं कधीं कांहीं वर्षें, त्याला कांहींच होत नाहीं. तो म्हणतो, "मला धूळ सोसते." मग नाक गळूं लागतें, शिंका येतात, डोळे चुरचुरतात. मग संध्याकाळीं घरीं आल्यावर कोरडा खोकला लागतो. मग एके रात्रीं छाती आवळते, श्वास सोडतांना शिट्टी वाजते, आणि गडी उठून भिंतीला पाठ लावून बसतो. घरचीं माणसें म्हणतात, "वारा लागला." वारा लागला खरा, पण तो रानांतला नव्हे, पॅकिंग खात्यांतला.

याचें कारण सांगतों. आपली छाती म्हणजे लोहाराचा भाता. भात्याची नळी मोकळी असेल तर वारा जातो-येतो. दम्यांत छातींतल्या बारीक नळ्या आंतून सुजतात, आवळतात, आणि त्यांत चिकट बेडका सांचतो. कांहीं रसायनांचा गुण असा कीं, तीं वारंवार श्वासांतून आंत गेलीं म्हणजे शरीर त्यांस शत्रु म्हणून ओळखूं लागतें. ही ओळख पटण्यास वेळ लागतो, म्हणून आरंभीं त्रास नसतो. पण एकदां ओळख पटली कीं मग चिमूटभर धूळहि पुरते. आणि ही ओळख प्रत्येकाच्या अंगाला पटत नाहीं. एका खात्यांत दहाजण असले तर कदाचित् एकालाच दमा होतो. मग मुकादम म्हणतो, "बाकीचे नऊ ठणठणीत आहेत, तुझीच छाती नाजूक." वाहवा ! विंचू नऊजणांना चावला नाहीं, म्हणून दहाव्यालाहि चावलाच नाहीं, असें कोणी म्हणतो काय ?

कोणकोणत्या धुळीनें व वाफेनें असा दमा जडतो, हें डॉक्टरांनीं जगभर पारखून ठेविलें आहे. सुती कापड रंगविण्याचे रिॲक्टिव्ह रंग, पेनिसिलिन व त्या जातीचीं औषधें, रेझिनांत लागणारें थॅलिक अनहायड्राइड, फोम व फवारणीच्या रंगांतील आयसोसायनेट, प्लॅटिनमचे क्षार, कपडे धुण्याच्या पावडरींतील एन्झाइम. पोटाला थंड म्हणून आपण जें इसबगोल घेतों, त्याची कोरडी पूड रोज श्वासांत गेली तर तीहि दमा आणते. आणि हा रोग केवळ मोठ्या कारखान्याचा आहे असें कारागीर बंधूंनीं समजूं नये. सुताराला लाकडाच्या बारीक भुशानें होतो, पिठाच्या गिरणीवाल्याला पिठानें होतो, झाळकाम करणाऱ्याला राळेच्या धुरानें होतो. मोठेपणीं जडणाऱ्या दम्यांपैकीं शंभरांत सुमारें पंधरा दम्यांत कामाचा हात असतो, असा अंदाज अमेरिकन थोरॅसिक सोसायटीनें 2003 सालीं दिला आहे.

आतां मुख्य गोष्ट. हा दमा ओळखावा कसा ? याला पहिली परीक्षा यंत्राची नाहीं, ती सुट्टीची आहे. कामाच्या दिवसांत दम वाढतो आणि सुट्टींत उतरतो काय, हें पाहावें. रोग नवा असेल तर एक-दोन दिवसांच्या सुट्टींत फरक दिसतो; जुना झाला असेल तर आठ-पंधरा दिवस लागतात. आपल्याकडे भाताच्या लावणीला माणूस आठ दिवस रजा घेऊन घरीं राहतो. दिवसभर पावसांत भिजतो, चिखलांत वांकून राबतो, आणि तरी त्याला धाप लागत नाहीं. रात्रीं डाराडूर झोंपतो. पुन्हां कामावर गेला कीं दोन-चार दिवसांत शिट्टी सुरू. गारव्यानें, पावसानें किंवा कष्टानें हा दमा आला असता, तर तो लावणीच्या शेतांत यावयाचा. पॅकिंग खात्यांत कां आला? एवढा एक प्रश्न घरच्या माणसांनीं विचारला तरी अर्धें निदान झालें.

ही सुट्टी तरी आपणांस फुकट मिळाली काय ? पूर्वीं मुंबईच्या गिरण्यांत मजुराला आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं 1884 सालीं गिरणी मजुरांची संघटना उभारली, 'दीनबंधु' पत्रांतून मजुरांचें गाऱ्हाणें मांडलें, वर्षानुवर्षें अर्ज केले, सभा भरविल्या. तेव्हां 10 जून 1890 पासून रविवारची सुट्टी मिळाली. लोखंड्यांनीं ती सुट्टी विसाव्यासाठीं व घरच्या कामांसाठीं मिळविली. आज तीच सुट्टी आपली वैद्य होऊं शकते, जर आपण त्या दिवशीं आपल्या छातीचें ऐकलें तर.

गिरणीचें नांव निघालें म्हणून दुसरी गोष्ट सांगतों. कापसाच्या धुळीनें गिरणी कामगारांना जो बिसिनोसिस होई, त्याची तऱ्हा उलटी होती. सुट्टी भोगून कामगार कामावर आला कीं पहिल्याच दिवशीं त्याची छाती आवळे, आणि आरंभींच्या काळांत पुढच्या दिवसांत ती कांहींशी सैल होई. पुढें रोग मुरला कीं मग सारेच दिवस सारखे. आपल्या कित्येक म्हाताऱ्यांनीं परळहून फंडाबरोबर हा खोकलाहि गांवीं आणला, आणि आपण त्याला "मुंबईचा खोकला" म्हणून मोकळे झालों. दगडाच्या धुळीनें होणारा सिलिकोसिस आणखी निराळा. त्यांत फुप्फुसावर वण पडतात आणि ते रजेनें जात नाहींत. पण तिन्हींत एक गोष्ट सारखी : रोगाचें मूळ माणसाच्या कामांत आहे, आणि तें काम काय हें कोणी विचारीत नाहीं.

इटलींत रामाझ्झिनी नांवाचा एक वैद्य होऊन गेला. त्यानें 1700 सालीं कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत त्यानें वैद्यांना बजाविलें कीं, गरीब रोग्यापाशीं जाल तेव्हां इतर प्रश्नांबरोबर हाहि प्रश्न विचारा, "तुझा धंदा काय ?" तीनशें वर्षें उलटलीं. आज आपल्या बाजारपेठेंतल्या किती दवाखान्यांत हा प्रश्न विचारतात ? रोगी येतो, सुई टोंचतात, गोळ्या देतात, रात्र निघते, आणि सकाळीं तो पुन्हां त्याच पावडरींत उभा राहतो. रोग म्हशीला आणि औषध पखालीला ! डॉक्टर विचारीत नसेल तर तुम्हीं आपण होऊन सांगा : मी अमुक खात्यांत आहें, अमुक पावडर हाताळतों, रजेवर मला बरें वाटतें.

दवाखान्याची ही तऱ्हा, तर घरच्या उपायांची काय सांगावी ! कोणी भगताकडे जाऊन अंगारा लावतो. कोणी मृगाच्या मुहूर्तावर हैदराबाद गांठून औषध भरलेला जिवंत मासा गिळून येतो. त्या माशानें दमा बरा होतो याला शास्त्राचा पुरावा नाहीं. कोठें कोठें धुळीच्या कामगारांना गुळाचा खडा देतात आणि सांगतात, गुळानें छाती साफ होते. अहो, गूळ जातो पोटांत आणि धूळ जाते फुप्फुसांत. दोघांच्या वाटा वेगळ्या! गूळ खावा, गोड लागतो. पण गुळावर धुळीचा सौदा करूं नये. तोंडाला बांधलेला रुमालहि तसाच. त्यांतून बारीक पूड सहज आंत जाते. आणि "बिडीनें होतें" असें म्हणून सारा दोष कामगाराच्या माथीं मारणेंहि बरोबर नाहीं. बिडी वाईट आहे, ती सोडलीच पाहिजे; तिनें छाती आणखी बिघडते. पण बिडी न ओढणाऱ्यालाहि हा दमा होतो.

औषधाविषयीं एक गैरसमज काढून टाका. श्वासावाटे घेण्याचा पंप म्हणजे शेवटचा उपाय, त्याची चटक लागते, असें लोक म्हणतात. तें खोटें आहे. पंपांतलें औषध थोडें लागतें आणि थेट नळ्यांत जातें. डॉक्टरनें दिला तर तो लाजेनें लपवूं नका. मात्र एक ध्यानांत ठेवा. पंप घ्यावयाचा आणि धुळींतहि उभें राहावयाचें, म्हणजे एका हातानें आग विझवावयाची आणि दुसऱ्या हातानें सरपण घालावयाचें. हा दमा पहिल्या कांहीं महिन्यांत ओळखून माणूस त्या धुळींतून निघाला, तर पुष्कळ वेळां सुधारतो, कांहींचा अगदीं बरा होतो. वर्षानुवर्षें तसाच राबत राहिला, तर मग काम सोडल्यावरहि दमा सोडीत नाहीं. येथें उशीर हेंच विष आहे.

आपण म्हणाल, "भाषण करणें सोपें आहे. दमा झाला म्हणून सांगितलें तर कंत्राटदार उद्यां गेटवर घेणार नाहीं. मग पोरांच्या फीचें काय, सोसायटीच्या कर्जाचें काय ?" हा प्रश्न खरा आहे, आणि तो मी टाळणार नाहीं. याच भीतीनें माणूस खोकला दाबतो आणि घरची बाई गप्प राहते. पण रोग्याला काढून टाकणें हा रोगाचा उपाय नव्हे. त्याच्या जागीं दुसरा गडी येतो आणि त्यालाहि तीच धूळ मिळते. उपाय धुळीचा केला पाहिजे.

आणि तो होतो, हें मी इंग्लंडच्या उदाहरणानें सांगतों. तेथें कपडे धुण्याच्या पावडरींत एन्झाइम घालूं लागले, आणि कारखान्यांतल्या कामगारांना दमा होऊं लागला. 1969 सालीं डॉक्टरांनीं तें 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत जाहीर केलें. मग कारखानदारांनीं काय केलें ? एन्झाइमची पूड उडूं नये म्हणून तिचे लेप दिलेले दाणे बनविले, यंत्रें झांकून घेतलीं, हवा ओढून घेणारे पंखे बसविले, कामगारांच्या छातीची नियमानें तपासणी ठेविली. दम्याचे रोगी झपाट्यानें कमी झाले. धंदा बुडाला काय ? मुळींच नाहीं, ती पावडर आजहि दुकानांत मिळते. धूळ बंद करतां येते. ती बंद करण्याचा खर्च करावयाचा कीं नाहीं, एवढाच प्रश्न असतो. तो खर्च मालकानें वांचविला तर तो नाहींसा होत नाहीं, तो मजुराच्या घरीं औषधाच्या चिठ्ठीवर चढतो.

कायदा काय म्हणतो ? धूळ जेथें उठते तेथेंच ती ओढून घ्यावी, असें 1948 च्या फॅक्टरी ॲक्टानें सांगितलें होतें. भोपाळच्या 1984 च्या वायुकांडानंतर, 1987 सालीं, त्याच कायद्यांत कामगाराला आपल्या आरोग्याविषयीं व सुरक्षिततेविषयीं माहिती मागण्याचा हक्क घातला गेला. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा नव्या संहितेनें घेतली आहे. तिच्यांतहि माहितीचा हक्क आहे, आणि प्रत्येक कामगाराला नेमणुकीचें पत्र देण्याची सक्ति आहे. हें पत्र लहान वस्तु समजूं नका. कंत्राटी मजुरापाशीं कागद नसला, तर "हा माणूस आमच्याकडे कधीं नव्हताच" असें म्हणावयास किती वेळ लागतो ? धंद्यापायीं झालेला रोग हा कामावर झालेल्या अपघाताप्रमाणें धरून भरपाई द्यावी, हें तत्त्व तर 1923 सालापासून कायद्यांत आहे. आणि 1995 सालीं सुप्रीम कोर्टानें ॲस्बेस्टॉसच्या खटल्यांत सांगितलें कीं, कामगाराचें आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. याच महाडांत 20 मार्च 1927 रोजीं डॉ. आंबेडकरांनीं चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेऊन पाण्यावरचा हक्क बजाविला. ज्या तालुक्यानें पाण्याचा हक्क जगाला शिकविला, त्यानें हवेच्या हक्काविषयीं गप्प बसावें काय ?

पण कायदा म्हणजे कोठींतलें बीं. पेरल्याशिवाय उगवत नाहीं. म्हणून काय करावयाचें तें सांगतों.

पहिलें काम घरांतलें, आणि तें बायकांनीं व शाळेंतल्या मुलांनीं करावें. एक वही घ्या. रोज तारीख घाला. आज कामावर कीं सुट्टी, कोणतें खातें, कोणती पावडर, खोकला किती, रात्रीं किती वेळां उठावें लागलें, हें चार शब्दांत लिहा. चार आठवडे लिहा, आणि त्यांत सुट्टीचे दिवस येऊं द्या. पीक फ्लो मीटर म्हणून फुंकण्याची एक लहान, स्वस्त नळी मिळते. ती मिळाली तर दिवसांतून चार वेळां, दर वेळीं तीनदां फुंकून त्यांतला मोठा आंकडा लिहा. ही वही डॉक्टरपुढें ठेवा. डॉक्टरनें छातीचा जोर मोजण्याची स्पायरोमेट्री सांगितली तर करून घ्या आणि तिचा कागद जपून ठेवा. लिहितां-वाचतां येण्याचा याहून मोठा उपयोग कोणता ? तोंडची तक्रार वाऱ्यावर जाते. तारखेसह लिहिलेली वही बोलते.

दुसरें, पोत्यावरचें किंवा पिंपावरचें नांव उतरून आणा. "पिवळी पावडर" म्हटल्यानें डॉक्टरला कांहीं कळत नाहीं.

तिसरें, कामाचे कपडे कामावरच बदलण्याची सोय मागा. ते घरीं आणून झटकले तर धुणाऱ्या बाईच्या आणि पाळण्यांतल्या पोराच्या श्वासांत तीच धूळ जाते. खातें साफ करतांना कोरडा झाडू किंवा हवेचा फवारा मारूं नये. धूळ ओढून घ्यावी, नाहीं तर ओल्या फडक्यानें पुसावी. सुतारानें आणि गिरणीवाल्यानेंहि हेंच करावें. तेथें तर मालक तुम्हीच आहांत, दुसऱ्याकडे बोट दाखवावयास जागा नाहीं.

चौथें, एकट्यानें साहेबापुढें जाऊं नका. दहाजण मिळून जा. मागणी साधी ठेवा : धुळीच्या तोंडाशीं ओढणी पंखा बसवा, पोतें फोडण्याचें काम झांकलेल्या यंत्रांत करा, चांगला मास्क द्या, दमा झालेल्या माणसाला त्याच पगारावर बिनधुळीच्या खात्यांत घ्या. पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयची वजावट आहे काय पाहा. असेल तर उपचार आणि भरपाई हा तुमचा हक्क आहे, कोणाचा उपकार नव्हे. मालक ऐकत नसेल तर राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे लेखी तक्रार करा. तक्रार करणाराचें नांव फोडूं नये असें इन्स्पेक्टरावर कायद्याचें बंधन आहे.

आणि गांवानें काय करावें ? ज्या घरचा माणूस दम्यानें खातें सोडून घरीं बसला, त्याला "आळशी झाला" म्हणूं नका. त्याची लावणी चार घरांनीं मिळून काढा. माणूस धुळींत अडकतो तो पुष्कळदां घरच्या दोन महिन्यांच्या अडचणीपायीं. तेवढे दोन महिने भाऊबंदांनीं सांभाळले, तर त्याच्या आयुष्यभराचा श्वास वांचतो.

सोन्याची सुरी झाली म्हणून ती कोणी उरांत खुपसून घेत नाहीं. पगार पाहिजे, कारखाना पाहिजे, पण तो छाती शाबूत ठेवून पाहिजे. येत्या सुट्टीच्या दिवशीं घरच्या माणसाला एवढेंच विचारा : "आज दम कसा आहे ? आणि कामावर असतांना कसा असतो ?" दोन उत्तरें निराळीं आलीं, तर त्याच दिवशीं वही सुरू करा.